चऱ्होलीच्या चौकातला एफ-ट्वेल्व्ह

मला हवा होता एक कागदाचा तुकडा. पोस्टकार्डापेक्षाही लहान. ऑफिसातल्या स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवता येईल आणि मान न वळवता वाचता येईल, एवढाच. त्याचा भला थोरला फ्लेक्स झाला, त्यावर माझा हात जोडलेला फोटो आला आणि चऱ्होलीत लोक मला वाकून नमस्कार करू लागले, याला मी जबाबदार नाही. हे मी सोसायटीच्या सभेतही सांगितलं आहे. कोणाचा विश्वास बसलेला नाही.

तळवड्याला आयटी पार्कात आमची लहानशी कंपनी आहे. आमची म्हणजे मालक दुसरेच आहेत, पण मी तिथे इतकी वर्षं आहे की वॉचमन बदलला की नव्याची ओळख माझ्याशी आधी करून देतात. चाकणच्या कारखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. प्रेसमधून किती भाग पडले, किती नापास झाले, ते मोजायचं, असलं काम.

आता प्रोग्राम म्हणजे हजारो ओळींचा मजकूर. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर तो लिहीत असतो. छे! दिवसभर आम्ही त्यात हिंडत असतो. एखादं नाव इथे वापरलंय, मग ते मुळात ठरवलं कुठे? तिकडे जा. बघून झालं, आता परत या. हा कंस इथे उघडला, मिटतो कुठे? शोधा. या हिंडण्यासाठी कीबोर्डच्या ठरलेल्या कळा असतात, आणि त्या बोटांत बसल्या की माणूस स्वतःच्या कोडमधून असा फिरतो, जसा स्वतःच्या घरात दिवे गेल्यावरही फिरावा.

माझ्या बोटांत बसल्या होत्या त्या जुन्या एडिटरच्या, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या कळा. काळा पडदा, हिरवी अक्षरं. एच दाबलं की डावीकडे, जे दाबलं की खाली, के वर, एल उजवीकडे. माऊसला तिथे प्रवेश नव्हता. बाण काढलेल्या कळा कीबोर्डवर असायच्या, पण त्या वापरणाऱ्याकडे आम्ही पंगतीत चमच्याने वरणभात खाणाऱ्याकडे बघावं तसं बघायचो. मला कोणी विचारलं की अमुक कसं करतोस, तर मला सांगता यायचं नाही. टेबलावर बोटं ठेवून, ती काय करतात ते आधी स्वतः बघायचो आणि मग सांगायचो.

तर गेल्या वर्षी कंपनीने फर्मान काढलं की यापुढे सगळ्यांनी एकच नवा एडिटर वापरायचा. रंगीत, चकचकीत, डाव्या बाजूला चित्रं. नव्या एडिटरमध्ये जुन्या कळा चालाव्यात म्हणून एक जोडणी मिळते, हे मला ठाऊक होतं. पण ती बसवायला परवानगी लागते. मी रीतसर अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘बोटांची सवय’. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की सवय हे व्यावसायिक कारण नाही. मी लिहिलं, ‘काम वेगात होते.’ उत्तर आलं, पुरावा जोडा. मी बोटांचा फोटो जोडणार होतो. बायकोने अडवलं.

मग व्हायचं ते झालं. नव्या एडिटरमध्ये खाली जायला मी सवयीने ‘जे’ दाबायचो आणि खाली जाण्याऐवजी ‘जे’ उमटायचा. एकदा मी बराच खाली गेलो. संध्याकाळी स्वरूपा माझ्या टेबलापाशी आली. स्वरूपा आमची टीम लीड, माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल, आणि स्वभावाने इतकी चांगली की तिच्यावर रागावताही येत नाही.

“सर, या फाईलमध्ये हे जे जे जे जे काय आहे? नवा व्हेरिएबल आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “मी खाली जात होतो.”

सरकत्या जिन्यावर सासऱ्यांना हात द्यावा तशा आवाजात ती म्हणाली, “सर, माऊस वापरा ना. काही हरकत नाही.”

हरकत नाही! सव्वीस वर्षं ज्याने माऊसला हात लावला नाही, त्याला हरकत नाही! त्यातच तिने सांगितलं की पुढच्या महिन्यात चाकणचं गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी कोड बघणार आहे, आणि तो जुना कोड मलाच माहीत असल्याने मोठ्या पडद्यावर मीच दाखवायचा आहे. तिथे अडखळलो तर मला डॉक्युमेंटेशनला, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडची माहितीपत्रकं लिहायला टाकणार, अशी कुजबुज होती. आमच्या धंद्यात डॉक्युमेंटेशनला टाकणं म्हणजे घरात ‘आप्पा, तुम्ही निवांत बसून भाजी निवडा’ म्हणणं.

मी ठरवलं, नव्या कळा शिकायच्याच. एका कागदावर लिहून समोर चिकटवायच्या.

माझी बायको विजयश्री मोशीच्या शाळेत मराठी शिकवते. तिने माझा कागद पाहिला आणि तिला तो बघवला नाही. “हे ‘गो टू डेफिनिशन’ लिहिल्याने काय लक्षात राहणार? मराठीत लिही. अर्थ डोक्यात बसला की कळ आपोआप बसते.” मग तिने लाल पेन घेतलं. गो टू डेफिनिशनचं तिने ‘मुळाकडे जा’ केलं. गो बॅकचं ‘आलात तिथे परत जा’. एखादं नाव कुठे कुठे वापरलंय ते दाखवणाऱ्या कळेसाठी ‘कोण कोण नाव घेते ते पाहा’. जागा न सोडता मूळ बघता येतं, त्याला ‘न हलता आत डोकावा’. खाली ‘उघडल्या कंसाला जुळणारा कंस शोधा’, ‘पुढच्या चुकीकडे जा’ आणि ‘पसारा मिटा’. प्रत्येकापुढे तिची कळ: एफ-ट्वेल्व्ह, ऑल्ट आणि डावा बाण, वगैरे. कागद खरोखर सुंदर झाला. तिथेच तो चिकटवला असता तर ही कथा झाली नसती.

पण लिफ्टमध्ये ज्योतीराम भेटला.

ज्योतीराम लातूरकडचा. आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि आळंदी रस्त्याला त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. माझ्या हातातला कागद बघून तो कळवळला. “सर, कागद कामून? घामाचा हात लागला की खलास. मी टिकाऊ करून देतो की. साइज तेवढी टाका.”

मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, १० x ८. माझ्या मनात सेंटिमीटर होते. ज्योतीरामच्या धंद्यात फुटाखेरीज दुसरं माप नाही.

पुढचं मला नंतर कळलं. दुकानातल्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरं टाकली की त्यांचे चौकोन आणि स्वल्पविराम होतात, म्हणून डिझाइन करणाऱ्याने एफ-ट्वेल्व्हसकट सगळ्या कळा काढून टाकल्या. नुसती वाक्यं राहिली. त्यामुळे उजवीकडे जागा मोकळी पडली. मोकळी जागा ज्योतीरामला सहन होत नाही. त्याने माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो घेतला, आणि तो होता पुतणीच्या लग्नातला: डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, पाहुण्यांना हात जोडलेले. खाली ‘निरंजन सर’. त्याखाली ‘शुभेच्छुक: ज्योतीराम डिजिटल’. आणि मागे सूर्याचे किरण, जे तो सगळ्यांनाच देतो. हा फ्लेक्स वाढदिवसांच्या फ्लेक्सच्या गठ्ठ्यात गेला आणि लावणाऱ्याने इमानदारीने चौकात लावला.

सकाळी मी ऑफिसला निघालो तर सिग्नलला स्वतःलाच भेटलो. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही. त्याने फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रिक्षा थोडी मागे घेतली.

ज्योतीरामला फोन केला तर तो खूश. “सर, काय मजकूर आहे! चार जणांनी विचारलं, हे महाराज बसतात कुठं?”

“ज्योतीराम, तो काढ.”

“काढतो की. पण गावकऱ्यांना विचारून. आता तो माझा राहिला नाही, सर.”

मी पालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथले बाबू भले होते. त्यांनी माझी तक्रार शांतपणे वाचली, फोनमधला फ्लेक्सचा फोटो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“फ्लेक्सवर तुम्हीच आहात?”

“हो.”

“आणि तक्रारही तुमचीच?”

“हो.”

“मग नोटीस कोणाला काढू? तुम्हालाच काढावी लागेल. खुलासा तुम्हीच द्यायचा. तो समाधानकारक आहे की नाही, हे तक्रारदार म्हणून परत तुम्हालाच विचारणार.” त्यांनी चष्मा काढला. “त्यापेक्षा विनापरवाना आहे म्हणून आमचं पथक यादीप्रमाणे काढेल, थोडं थांबा. बाकी मजकूर चांगला आहे. ते ‘पुढच्या चुकीकडे जा’ म्हणजे आधीच्या चुकीत अडकून पडू नका, असंच ना?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेवटी रविवारी सकाळी मी घरातलं स्टूल आणि विळी घेऊन स्वतःच चौकात गेलो. स्टुलावर चढलो, पहिली दोरी हातात धरली आणि खालून आवाज आला, “काय वं सर, हार घालताय व्हय?”

चिमाजी होते. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, ती एकेकाळी त्यांची. आता तिथल्याच चहाच्या टपरीवर ते रोज सकाळी बसतात आणि त्यांच्या ज्वारीच्या जागी उगवलेल्या इमारतींकडे बघत चहा पितात. मी विळी पाठीमागे लपवली.

“आमी रोज वाचतो,” ते म्हणाले. “पयलं वाक्य वाचलं, मुळाकडं जा. म्हनलं, बराबर हाय. दुसरं वाचलं, आलात तितं परत जा. मंग काय ऱ्हावंना. धाकल्या भावाशी जमिनीवरनं बोलनं न्हवतं. पोरांची लग्नं झाली, मी गेलो न्हाई. परवा उठलो आन गेलो. दारात हुबा ऱ्हायलो तर त्यो म्हनला, दादा, चप्पल काडू नका, तशेच या.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “तुमीच बोललात म्हून झालं, सर.”

मी स्टुलावरून उतरलो. सांगा, अशा माणसाला मी काय सांगायला हवं होतं?

“फकस्त येक उमगलं न्हाई,” चिमाजी म्हणाले. “ते कंसाचं. कंस तर किसनदेवानं मारला. त्याला जोडीचा कंस कुटला?”

“ते… जरा खोल आहे,” मी म्हणालो.

“मंग पुढच्या रयवारी सांगा. सोसायटीच्या हालात. मी मानसं बोलावतो.”

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सोमवारी चाकणचं गिऱ्हाईक, त्याच्या आदल्या दिवशी प्रवचन. विजयश्रीला एकेका वाक्यावर किती बोलता येईल हे सुचत होतं, कारण वाक्यं तिचीच होती, पण ती व्यासपीठावर यायला तयार नव्हती. “फोटो तुझा आहे,” एवढंच म्हणायची.

रविवारी हॉल भरला. सतरंज्या, पुढे समई, मला पाट. चिमाजींचे धाकटे भाऊही आले होते आणि दोघे एकाच खांबाला टेकून बसले होते. ज्योतीराम दारात उभा राहून आपली कार्डं वाटत होता. मी घसा साफ केला. “मंडळी,” म्हणालो, आणि पुढे काही सुचेना. लोकांना वाटलं मी ध्यानात गेलो.

तेवढ्यात मागून कोणीतरी मोठ्याने विचारलं, “निरंजन, ‘न हलता आत डोकावा’ म्हणजे ऑल्ट एफ-ट्वेल्व्ह ना रे?”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दाराजवळ एक माणूस उभा होता. केस पिकलेले, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हसू आवरताना ओठ एका बाजूला ओढले गेलेले. ते ओठ मी ओळखले.

“बुद्धरत्न!”

बुद्धरत्न आणि मी एकाच कीबोर्डवर मोठे झालो. बार्शीहून मी मामाकडे आकुर्डीला आलो, तेव्हा स्टेशनजवळ एका पिठाच्या गिरणीच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता. तो आकुर्डीचाच, वडील कारखान्यात. क्लासात मशीन कमी, म्हणून एकावर दोघं. कोणी किती वेळ बसायचं यावरून पहिल्याच दिवशी भांडलो. मग तोड निघाली: एच आणि जे माझे, के आणि एल त्याचे. म्हणजे डावीकडे आणि खाली मी नेणार, वर आणि उजवीकडे तो. मला वर जायचं असलं की त्याला विनवायचं. त्याला डावीकडे यायचं असलं की त्याने मला. खालच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की अख्खा मजला थरथरायचा, पडद्यावर पिठाची साय धरायची आणि बुद्धरत्न शर्टाच्या बाहीने ती पुसायचा. महिन्याभरात सांगायची गरज उरली नाही. मला वर जायचंय हे त्याच्या बोटाला माझ्याआधी कळायचं. पुढे तो नोकरीला औरंगाबादला गेला, मग मस्कतला. मामांनी घर बदललं, लँडलाइन फोन गेला. भांडण नाही, काही नाही. तो नुसता हातातून सुटला.

आता तो दिघीला राहत होता, चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. कंपनीच्या बसमधून जाताना सिग्नलला त्याने फेटेवाला महाराज पाहिला, वाक्यं वाचली आणि बसमध्ये एकटाच इतका हसला की शेजारचा जागा बदलून बसला. मग ज्योतीरामच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा त्याला प्रवचनाचा पत्ता मिळाला.

हॉलमध्ये मात्र कोणी हसत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं: कागद, कळा, सेंटिमीटर, सगळं. सांगताना चिमाजींकडे बघायचं टाळत होतो.

“म्हंजी हे देवाधर्माचं न्हाई?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही, आजोबा. कॉम्प्युटरचं आहे.”

चिमाजींनी शेजारी खांबाला टेकलेल्या भावाकडे पाहिलं. भावाने त्यांच्याकडे पाहिलं.

“मंग आता काय करायचं?” चिमाजी म्हणाले. “गेलोय तर गेलोय. परत भांडायला जाऊ व्हय?” आणि माझ्याकडे वळून, जराशा हुकमी आवाजात, “कंसाचं ऱ्हायलंय, ते सांगा. मानसं कामं टाकून आलीत.”

मग मी सांगितलं. विजयश्रीने शाळेसारखा फळा आणला. बुद्धरत्न पुढे येऊन बसला आणि मी चुकलो की दुरुस्त करू लागला, कारण नव्या कळा त्याला त्याच्या मुलाकडून माहीत होत्या. उघडणारा कंस, मिटणारा कंस, मध्ये काय काय मावतं. कोण कोण नाव घेतं ते कसं बघायचं. प्रत्येक गोष्ट चिमाजी दोनदा विचारायचे आणि मी तिसऱ्यांदा सांगायचो. हॉल रिकामा झाला तेव्हा प्रसाद म्हणून ज्योतीरामने पेढे वाटले. फ्लेक्सबद्दल त्याने माफी मागितली नाही, पण मला दोन पेढे दिले.

सोमवारी चाकणला मोठ्या पडद्यासमोर उभा राहिलो. गिऱ्हाइकाचे साहेब म्हणाले, “नापास भागांचा हा आकडा येतो कुठून?” आणि माझं बोट एफ-ट्वेल्व्हवर होतं. मी विचारही केला नव्हता. मुळाकडे गेलो, दाखवलं, परत आलो. त्यांनी पुढचं विचारलं, मी पुढे गेलो. माऊस टेबलाच्या कडेला तसाच पडून होता. परतताना गाडीत स्वरूपा म्हणाली, “सर, एवढ्या दिवसांत कसं काय जमवलंत?” मी म्हणालो, “प्रवचन दिलं.” ती हसली. तिला वाटलं विनोद आहे.

पथकाने यादीप्रमाणे फ्लेक्स काढला, तोवर बुधवार उजाडला होता.

आणि पुढच्या रविवारी बुद्धरत्न घरी जेवायला आला. विजयश्रीने शेंगदाण्याची आमटी केली होती. तो दोनदा भात मागून घेऊन जेवला, मस्कतच्या उन्हाच्या गोष्टी सांगितल्या, मुलाच्या नोकरीची काळजी सांगितली. मग हात पुसत म्हणाला, “आहे का रे तो अजून?”

माझा घरचा जुना लॅपटॉप मी कपाटातून काढला. काळा पडदा आला, हिरवी अक्षरं आली. “मला काही आठवत नाही हां,” तो म्हणाला. “आता मी नटबोल्ट मोजतो.” त्याने खुर्ची ओढली आणि माझ्या उजवीकडे बसला. कुठे बसायचं ते विचारलं नाही. मी एक जुनी फाईल उघडली, कुठलीही. एच आणि जेवर बोटं ठेवली. त्याने के आणि एलवर ठेवली.

मी खाली गेलो. आणखी खाली गेलो. तिथे एका लांब ओळीचा शेवट बघावासा वाटला आणि तोंड उघडण्याआधीच कर्सर उजवीकडे सरकू लागला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडेच बघत होता, ओठ एका बाजूला ओढलेले.

विजयश्री दारात येऊन उभी राहिली. “काय शोधताय?”

“काही नाही,” आम्ही दोघंही म्हणालो.

असे किती वेळ हिंडलो, कोण जाणे. ऊन गॅलरीतून आत आलं आणि भिंतीवर चढलं. शेवटी बुद्धरत्नने घड्याळ पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “चल, निघायला हवं. यातून बाहेर कसं पडायचं रे? ते तर साफ विसरलो.”

बाहेर पडायला चार कळा लागतात. एस्केप, कोलन, क्यू, एंटर. सव्वीस वर्षं मी त्या रोज दाबत आलो आहे. झोपेत दाबू शकेन.

“मलाही आठवत नाही,” मी म्हणालो.

बुद्धरत्नने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि कर्सर वर न्यायला सुरुवात केली.